कांदा अनुदान (महाराष्ट्र)

बाजारभाव कोसळल्यानंतर, आधीच विकून झालेल्या कांद्यावर राज्य शासन शेतकऱ्याच्या बँक खात्यात प्रतिक्विंटल ठरावीक दराने जी रक्कम जमा करते, तिला महाराष्ट्रात ‘कांदा अनुदान’ म्हणतात. ही कायमस्वरूपी योजना नव्हे. भाव पडले, आंदोलन उभे राहिले की विशिष्ट कालावधीतील विक्रीपुरता शासननिर्णय निघतो. 2016 मध्ये प्रतिक्विंटल 100 रुपये, 2018 च्या हंगामात 200 रुपये आणि 2023 मध्ये 350 रुपये असा त्याचा दर चढत गेला असला, तरी प्रतिशेतकरी 200 क्विंटलची मर्यादा मात्र बदलली नाही.

यांपैकी 2023 चे अनुदान सर्वाधिक चर्चिले गेले. लेट खरिपाचा लाल कांदा, ज्याला शेतकरी रांगडा म्हणतात, उन्हाळी कांद्याप्रमाणे चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. त्यामुळे तो काढला की मिळेल त्या भावाने विकणे भाग असते. त्या वर्षी फेब्रुवारीतील असाधारण उष्णतेने हा कांदा आणखी नाशवंत केला आणि आवक एकदम वाढून भाव पडले. सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत गाडीभाडे, हमाली व तोलाई वजा जाता जेमतेम अडीच रुपये उरले आणि त्याच्या हाती 2 रुपयांचा धनादेश पडला, ही घटना त्या हंगामाची ओळखच ठरली. मार्चमध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली दिंडोरीहून मुंबईकडे निघालेल्या पायी मोर्चाने प्रतिक्विंटल 600 रुपयांची मागणी केली. शासनाने आधी 300 आणि मग 350 रुपये मान्य केले.

1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023 या काळात बाजार समिती, खाजगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेड यांच्याकडे विकलेला लाल कांदा अनुदानास पात्र होता. जेथे विक्री झाली तेथेच विक्रीपट्टी, सातबारा उतारा व बँक पासबुकाची प्रत जोडून अर्ज द्यायचा होता. सातबारा वडिलांच्या आणि पट्टी मुलाच्या नावे असेल, तर सहमतीचे शपथपत्र लागे. खरी अडचण झाली ती ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करण्याच्या अटीची. कांदा पिकवूनही ही नोंद न केलेले अर्जदार इतके निघाले, की अखेर तलाठी व अन्य ग्रामस्तरीय कर्मचाऱ्यांच्या समितीकडून पडताळणीची सवलत द्यावी लागली. दुसरीकडे, काही ठिकाणी न विकलेल्या कांद्याच्या बनावट पट्ट्याही दाखल झाल्या, त्यामुळे कागदपत्रांचा आग्रह सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येत नाही. वाटप सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाले. ज्या जिल्ह्यांची मागणी 10 कोटी रुपयांच्या आत होती त्यांना पूर्ण रक्कम मिळाली, पण नाशिक, अहमदनगर, सोलापूर, पुणे अशा मोठ्या कांदा जिल्ह्यांना ती टप्प्याटप्प्याने देण्यात आली.

मध्य प्रदेशाने 2017 मध्ये राबवलेल्या भावांतर योजनेत आधारभूत किंमत आणि बाजारभाव यांतील फरकाशी रक्कम निगडित होती; कांदा अनुदानाचा दर मात्र प्रत्यक्ष मिळालेल्या भावाशी वा उत्पादनखर्चाशी जोडलेला नसतो, म्हणून 300 रुपयांनी व 900 रुपयांनी विकणाऱ्यांना ते सारखेच मिळते. त्यामुळे त्याला भावाची हमी म्हणण्यापेक्षा तोटा झाल्यानंतरची अंशतः भरपाई म्हणणे अधिक योग्य ठरते. कमाल 70,000 रुपयांची ही भरपाई साधारण दोन एकरांच्या उत्पादनापुरतीच पोहोचते. शिवाय हे अनुदान राज्याच्या तिजोरीतून येते, तर कांद्याचे निर्यातधोरण केंद्राच्या हाती असते. 2023 चे अनुदान वाटले जाण्यापूर्वीच, 19 ऑगस्ट रोजी, केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली; ही बंदी मे 2024 मध्ये उठली, शुल्क मात्र पुढे 20 टक्क्यांवर येऊन 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाले.