उंचीमापकाचा पेन्सिलवाला पूर्वज

विमानातला अल्टिमीटर उंची मोजत नाही. तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि काटा फुटांवर फिरवतो. हा दाब मोजणारी टॉरिचेल्लीची पाऱ्याची नळी आणि 1648 साली ती डोंगरावर नेणारा पास्कालचा मेहुणा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिंदकळणारा पारा जाऊन त्याच्या जागी हवा काढलेली धातूची डबी कुणी आणली?

पुस्तकं सांगतात, 1844 साली ल्यूसियाँ व्हिदीने. मला मात्र या डबीचा माग पेन्सिलीपर्यंत जाताना दिसतो. ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजून आजची पेन्सिल घडवणारा निकोला-जाक काँते हा फ्रान्समधल्या म्यूदाँ इथल्या लष्करी बलून-शाळेचा प्रमुख होता. हायड्रोजनच्या स्फोटात त्याचा डावा डोळा गेला. याच माणसाने 1798 च्या सुमारास निर्वात डबी, लवचीक झाकण आणि आतून त्याला तोलणारी स्प्रिंग असा दाबमापक केला. व्हिदीच्या डबीचं तत्त्वही हेच.

काही जण हा मान लायब्निझला देतात. 1700 च्या आसपास त्याने पत्रांतून बंद भात्याची कल्पना मांडली होती. पण ती पत्रांतच राहिली. व्हिदीचे पाठीराखे म्हणतात, काँतेचं यंत्र तापमानामुळे चुकायचं. चुकत असेलही. पण तापमानाने आजचा अल्टिमीटरही फसतो: कडक थंडीत हवा दाट होते आणि विमान काट्यावरच्या आकड्यापेक्षा खाली असतं. तेवढ्यावरून कुणी त्याला अल्टिमीटर म्हणायचं सोडलं नाही. काँते 1798 मध्येच नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. काम तिथेच थांबलं असणार, आणि दोघे फ्रेंच असल्याने व्हिदीच्या कानावर ते गेलं असणार, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं थोडक्यात. 1928 मध्ये पॉल कोल्समनने याच डबीला अतिसूक्ष्म दातेरी चाकं जोडली. 24 सप्टेंबर 1929 रोजी जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ या अल्टिमीटरसारख्या उपकरणांच्या भरवशावर विमान उडवलं आणि उतरवलं.

अल्टिमीटरच्या डायलवरच्या छोट्या खिडकीत त्या ठिकाणचा दाब लावायचा असतो. दाब 10 हेक्टोपास्कलने उतरला आणि वैमानिकाने तो बदलला नाही, तर काटा खऱ्यापेक्षा सुमारे 300 फूट जास्त दाखवतो. काटा फिरवणाऱ्या डबीबद्दल शिकवताना वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकाने व्हिदीच्या आधी काँतेचं नाव छापलं पाहिजे.