अंकाला 'लाखात' शिकवले तेव्हा : रुबीच्या उघड्या क्लासचा इतिहास

राजापेठेतल्या एका कापूस व्यापाऱ्यासाठी मी २०१२ साली हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. भाषा होती रुबी. पहिली हिशेबपट्टी छापून दाखवली, तर रकमेतले स्वल्पविराम साहेबी पद्धतीने पडलेले : १२५,०००. शेटजी म्हणाले, "भाऊ, हे एकशे पंचवीस हजार कोन वाचते? आपल्यासारखं सव्वा लाख लिवा ना जी." मी तासाभरात तसे करून दिले. ते इतके सोपे कसे झाले आणि पुढे अंगाशी का आले, हे शोधताना जो इतिहास हाती लागला तो इथे मांडतो.

संगणकभाषेत क्लास म्हणजे साचा. पूर्णांकाचा साचा इंटीजर, मजकुराचा स्ट्रिंग. त्या साच्यातून निघालेल्या वस्तूला जी कामे येतात त्यांना मेथड म्हणतात. इंटीजर आणि स्ट्रिंग हे साचे भाषेसोबतच येतात. १९९५ साली आलेल्या जावा भाषेने आपला स्ट्रिंग बंद ठेवला, त्यात बाहेरच्याला नवी मेथड घालता येत नाही. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली रुबीही १९९५च्या डिसेंबरात लोकांसमोर आली, पण तिचे सगळे साचे उघडे होते. कोणीही, कधीही इंटीजर उघडावा आणि त्यात आपली मेथड घालावी. ही मोकळीक मात्सुमोतोंच्या आधीची आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत घडलेल्या स्मॉलटॉक भाषेत ती होती आणि रुबीवर स्मॉलटॉकचे मोठे ऋण आहे.

या मोकळिकीचा सर्वांत मोठा वापर केला तो डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या रेल्सने. २००४ साली आलेल्या या चौकटीने अंकाला दिवस, तास, मिनिटे शिकवली. 'तीन दिवसांपूर्वी' हे वाक्य तीन या अंकापुढे टिंबे देत जवळजवळ बोलल्यासारखे लिहिता येऊ लागले. यातले काही पुढे खुद्द भाषेने स्वीकारले. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर एकच मेथड थोडक्यात चालवण्याची रेल्सची युक्ती २००८च्या रुबी १.८.७ मध्ये भाषेचाच भाग झाली. बाहेरून आलेला शब्द बोलीत रुळावा आणि मग कोशात जावा, तसेच हे.

पण याच दाराने अडचणीही आल्या. रुबीसोबत मॅथएन नावाचे एक ग्रंथालय येत असे. एरवी पूर्णांकांच्या भागाकारात एक भागिले दोन म्हणजे शून्य, कारण अपूर्णांक सोडून दिला जातो. मॅथएन घेतले की उत्तर अर्धा. गणिताला हे बरोबर, पण बदल फक्त मागणाऱ्यापुरता राहत नसे. प्रोग्राममध्ये दुसऱ्या कोणी पूर्वीच्या समजुतीने लिहिलेला भागाकारही बदलून जाई. २०१७च्या डिसेंबरात रुबी २.५ आली, तेव्हा मॅथएन भाषेच्या मूळ संचातून काढले गेले. अशा फेरफाराला 'मंकी पॅच' म्हणतात. मूळ शब्द 'गुरिल्ला', म्हणजे गनिमी. उच्चारसाम्याने त्याचा 'गोरिला' झाला आणि गोरिलाचे माकड, असे सांगतात. गनिमी हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण हल्ला झाल्याचे आधी कळत नाही.

मलाही कळले नाही. रुबी १.९ पासून मेथडचे नाव देवनागरीतही ठेवता येते. मी इंटीजर उघडून त्यात 'लाखात' नावाची मेथड घातली. सव्वा लाखाच्या अंकापुढे टिंब देऊन 'लाखात' लिहिले की '१,२५,०००' असा मजकूर मिळे. काही महिन्यांनी माझ्या सहकाऱ्याने अहवालासाठी दुसऱ्या फाइलमध्ये हेच नाव वापरले. त्याची मेथड रकमेला एक लाखाने भागत असे. 'लाखात' या शब्दाचा तोही अर्थ बरोबरच. रुबीत शेवटी वाचली गेलेली व्याख्या टिकते, आणि इशारे मुद्दाम चालू केले नसतील तर ती चकार शब्द काढत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडली. रक्कम : रुपये १.२५. चूक सापडेपर्यंत तो माणूस दोन तास बाकावर बसून होता. व्याख्या दोन्ही बरोबर होत्या, भुर्दंड मात्र ज्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही अशा तिसऱ्याला पडला.

भाषेने यावर जो तोडगा काढला तो दार लावण्याचा नव्हता. शुगो माएदा यांनी सुचवलेली 'रिफाइनमेंट' ही सोय २४ फेब्रुवारी २०१३ रोजी रुबी २.० मध्ये प्रयोग म्हणून आली आणि त्याच डिसेंबरात २.१ मध्ये पक्की झाली. तिच्यामुळे नवी मेथड सर्वांच्या साच्यात जात नाही. ज्या फाइलमध्ये 'मी ही वापरतो' असे लिहिले असेल, तेवढ्यातच ती दिसते. आमच्या दोन्ही 'लाखात' अशा रीतीने आपापल्या फाइलमध्ये सुखाने नांदल्या असत्या.

शेटजींच्या सव्वा लाखाचा निकाल मात्र तिसऱ्याच मार्गाने लागला. २०१६ साली आलेल्या रेल्स ५ मध्ये स्वल्पविराम कुठे पाडायचे हे सांगण्याची सोय झाली, आणि तिच्या माहितीपत्रात आपल्या पद्धतीने लिहिलेला १,२३,४५६.७८ हा आकडा उदाहरण म्हणून आहे. त्यासाठी इंटीजरला हात लावावा लागत नाही, छापणाऱ्या कामालाच रीत सांगायची. मी माझी 'लाखात' त्यानंतर काढून टाकली. आता नवी मेथड सुचली की आधी पाहतो, ती अंकाचा गुण आहे की आमच्या दुकानाची रीत. दुकानाची रीत असेल, तर ती दुकानाच्याच फाइलमध्ये लिहितो.