ई-मेलवरील अंकीय स्वाक्षरी आणि ऐतिहासिक पुरावा

साधनचिकित्सेत कागद अस्सल की बनावट, हा प्रश्न सर्वप्रथम उपस्थित होतो. हस्तलिखित पत्राच्या बाबतीत अक्षराचे वळण, शाई, शिक्का व तिथी यांच्या आधारे त्याचा निर्णय करता येतो. ई-मेलच्या बाबतीत मूळ आणि नक्कल यांत भेदच उरत नाही. ही उणीव अंशतः भरून काढणारे साधन म्हणजे अंकीय स्वाक्षरी होय. तिची कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांची तिला प्रत्यक्ष रूप देणारी पद्धती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

ई-मेलच्या क्षेत्रात या तत्त्वाचा व्यापक उपयोग 'डीकेआयएम' पद्धतीने झाला. याहू व सिस्को यांच्या दोन योजनांच्या संयोगातून सिद्ध झालेली ही पद्धती २००७ मध्ये प्रमाणरूपाने प्रसिद्ध झाली. पत्र पाठविणारा सर्व्हर मजकुराचे गणिती सार काढतो आणि ते सार व प्रेषकाच्या नावासारखी निवडक शीर्षके यांवर गुप्त किल्लीने स्वाक्षरी करतो. तिच्या जोडीची जाहीर किल्ली संबंधित संस्थेच्या डीएनएस नोंदीत ठेवलेली असते. परीक्षक सार पुन्हा काढून त्या किल्लीने स्वाक्षरी पडताळतो. स्वाक्षरीने व्यापलेल्या मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी मेळ बसत नाही.

या योजनेचा हेतू बनावट प्रेषकनामांना आळा घालण्याचा होता. भावी इतिहासकारांसाठी पुरावा निर्माण करण्याचा नव्हता. तथापि ऑक्टोबर २०१६ पासून विकिलीक्सने हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारसमितीचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, तेव्हा तिचे हे अनपेक्षित मोल प्रकट झाले. पत्रांत फेरफार झाला असण्याची शंका प्रचारपक्षाकडून व्यक्त झाली होती; परंतु त्यांपैकी अनेक पत्रांवरील स्वाक्षऱ्या पडताळणीत खऱ्या ठरल्या.

मात्र या निष्कर्षाची व्याप्ती मर्यादित आहे. स्वाक्षरी सर्व्हरची असते, व्यक्तीची नव्हे. खाते दुसऱ्याच्या हाती गेले असल्यास त्याने लिहिलेले पत्रही पडताळणीत खरे ठरते. मजकुराचा खरेपणा तिने सिद्ध होत नाही. कोणती पत्रे वगळली गेली, याविषयीही ती मौन पाळते. शिवाय किल्लीचे बळ तपासावे लागते. गूगलची ५१२ बिटांची किल्ली फोडता येते, हे गणितज्ञ झॅकरी हॅरिस यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. अशा किल्लीची स्वाक्षरी आज भक्कम पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

याहून गंभीर प्रश्न काळाचा आहे. संस्था किल्ल्या बदलतात आणि जुनी जाहीर किल्ली नोंदीतून काढून टाकली जाते. मग अस्सल पत्रही पडताळता येत नाही. उलटपक्षी, बाद झालेल्या गुप्त किल्ल्या जाहीर कराव्यात, म्हणजे चोरलेल्या पत्रांना पुराव्याचे मोल उरणार नाही, असे मत मॅथ्यू ग्रीन यांनी २०२० मध्ये मांडले. व्यक्तीच्या खाजगीपणाचे रक्षण आणि भावी संशोधकाचा पुरावा यांतील हा विरोध सहज मिटणारा नाही.

म्हणून अभिलेखागाराने ई-मेलची केवळ छापील प्रत न ठेवता मूळ शीर्षकांसह संपूर्ण पत्र, तत्कालीन जाहीर किल्ली व ती मिळविल्याची तारीख एकत्र जतन करणे अगत्याचे ठरते. त्यानंतरही गणिताने केवळ बहिरंग परीक्षण पुरे होते. लेखक कोण, त्याचा हेतू काय आणि त्याचे म्हणणे कितपत विश्वसनीय, हे अंतरंग परीक्षण इतिहासकारासच करावे लागते.