'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड': मुंबईच्या एका बँडची वाटचाल

'इंडस क्रीड' हा इंग्रजीतून स्वतःची गाणी रचून सादर करणारा मुंबईचा रॉक बँड आहे. त्याची स्थापना १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने झाली. १९९३ मध्ये नाव बदलले, १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला आणि २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला. भारतातील रॉक संगीताचा इतिहास सांगताना या बँडचा उल्लेख टाळता येत नाही. भारतीय कलावंतांनी परकीय गाण्यांची नक्कल न करता स्वतःची गाणी गायली, तर ती ऐकायला श्रोते येतील काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात या बँडची उमेदीची वर्षे गेली.

पूर्वपीठिका

मुंबईला पाश्चात्त्य संगीत नवे नव्हते. गोव्यातून आलेल्या वादकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच येथील हॉटेलांमधून जॅझ रुजवला आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ समृद्ध केले. १९६०च्या दशकात 'बीटल्स'च्या प्रभावाखाली महाविद्यालयीन तरुणांचे गिटारवादक संच निघाले. १९७०च्या सुमारास 'सिमला' या सिगारेटच्या नावाने भरलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरातील असे संच उतरले होते.

मात्र या संचांकडून श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असे. परदेशी तबकडीवर ऐकलेले गाणे मंचावर हुबेहूब उतरले म्हणजे कार्यक्रम रंगला, असे मानले जाई. त्या काळी महाराष्ट्रात लोकप्रिय असलेल्या ऑर्केस्ट्रांची गतही निराळी नव्हती. तेथे चित्रपटगीतांची नक्कल होई, येथे इंग्रजी गाण्यांची. स्वतःची रचना सादर करणाऱ्याकडे प्रेक्षक कुतूहलाने पाहत आणि लगेच ओळखीच्या गाण्याची फर्माईश करीत.

स्थापना आणि पहिला ध्वनिसंग्रह

अशा वातावरणात 'रॉक मशीन' उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बेस गिटारवादक मार्क सेल्विन, ड्रमवादक मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवादक झुबीन बालापोरिया ही या बँडच्या उत्कर्षकाळातील नावे होत. इतरांप्रमाणेच या बँडचीही सुरुवात परदेशी रॉक गाणी वाजवण्यापासून झाली. परंतु अल्पावधीतच सदस्य स्वतःच्या रचनांकडे वळले आणि बँडच्या पुढील वाटचालीला या निर्णयाने दिशा मिळाली.

१९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांचा पहिला ध्वनिसंग्रह सीबीएस कंपनीने प्रसिद्ध केला. भारतीय बँडने स्वतः रचलेल्या इंग्रजी रॉक गाण्यांच्या आरंभीच्या संग्रहांत त्याची गणना होते. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हा दुसरा संग्रह आला. 'टॉप ऑफ द रॉक' हे त्यांचे गाणे महाविद्यालयीन तरुणांत विशेष लोकप्रिय झाले.

त्या काळातील अडचणी लक्षात घेतल्यास या दोन संग्रहांचे मोल कळते. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी परदेशी गिटार, ध्वनिवर्धक आणि ध्वनिमुद्रणाची साधने आयात करणे महाग आणि जिकिरीचे होते. ध्वनिफितींच्या बाजारावर चित्रपटसंगीताचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. दूरदर्शनखेरीज अन्य वाहिनी नव्हती आणि खासगी एफएम केंद्रे अस्तित्वात यायची होती. बँडचा खरा आधार प्रत्यक्ष कार्यक्रम हाच होता. महाविद्यालयांचे महोत्सव आणि शहरोशहरीच्या मैफली यांतूनच श्रोतृवर्ग जमवावा लागे.

रंगभवनचे दिवस

मुंबईत हा श्रोतृवर्ग धोबी तलाव येथील रंगभवनात जमत असे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह मराठी रसिकांना नाटकांसाठी परिचित होते. १९७८ मध्ये तेथे 'जॅझ यात्रा' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा 'इंडिपेंडन्स रॉक' हा कार्यक्रमही रंगभवनाशी जोडला गेला. देशातील नवे बँड तेथे वाजवण्याची संधी मिळावी म्हणून धडपडत. 'रॉक मशीन' हे या मंचावरील सर्वांत गाजलेल्या नावांपैकी एक होते.

पुढे २००० मध्ये ध्वनिप्रदूषणविषयक नियम लागू झाले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवन अशाच परिसरात असल्याने २००३ नंतर तेथील संगीताचे कार्यक्रम थांबले आणि रॉक संगीताने मुंबईतील आपले सर्वांत हक्काचे स्थान गमावले.

नामांतर

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांचे भारतात आगमन झाले आणि स्टार समूहामार्फत 'एमटीव्ही' घराघरांत दिसू लागली. ज्या परदेशी कलावंतांची गाणी तोवर मित्रांकडून मिळवलेल्या ध्वनिफितींवर ऐकली जात, ते आता दिवसभर पडद्यावर दिसत होते. भारतीय बँडला प्रथमच आंतरराष्ट्रीय वाहिनीवर झळकण्याची संधी निर्माण झाली. त्याचबरोबर एक अवघड प्रश्नही उभा राहिला. पाश्चात्त्य रॉकसारखेच वाजवणारा भारतीय बँड जगाने वेगळा का ऐकावा?

१९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव स्वीकारले. सिंधू नदीचा निर्देश करणाऱ्या या नावातून भारतीय ओळख सूचित होत होती. सांगीतिकदृष्ट्याही बँड पूर्वीच्या जोरकस हार्ड रॉकपासून दूर जात होता आणि जुने नाव त्या संगीताला शोभेनासे झाले होते. तथापि, नऊ वर्षे रुजलेले नाव सोडणे हा व्यावसायिकदृष्ट्या मोठा धोका होता.

'प्रेटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीने हा धोका काही अंशी सार्थ ठरवला. ही चित्रफीत एमटीव्हीवर दाखवली गेली आणि बँडचे नाव भारताबाहेरही पोहोचले. वाहिनीच्या आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कारही बँडला लाभला. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा तिसरा ध्वनिसंग्रह प्रसिद्ध झाला.

विसर्जनाची कारणे

यशाच्या या टप्प्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९९७ मध्ये, बँड विसर्जित झाला. तेरा वर्षांच्या प्रवासानंतर आलेल्या या निर्णयामागची परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे.

वाहिन्यांच्या आगमनाचा लाभ इंग्रजी रॉकपेक्षा हिंदी पॉपला अधिक झाला. १९९२ मध्ये बाबा सेहगलचे 'ठंडा ठंडा पानी' आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' यांनी चित्रपटाबाहेरील हिंदी गाण्यांचा मोठा ग्राहक आहे, हे सिद्ध केले. वाहिन्याही हिंदीकडे झुकल्या. १९९८ मध्ये दिल्लीच्या 'युफोरिया'चा 'धूम' आणि 'सिल्क रूट'चा 'बूंदें' हे संग्रह आले. बँड ही संकल्पना लोकांनी स्वीकारली होती, परंतु हिंदीतून.

इंग्रजीत गाणाऱ्या बँडची स्थिती यामुळे दुहेरी अडचणीची झाली. देशातील मोठा श्रोतृवर्ग भाषेमुळे दूर राहिला, तर पाश्चात्त्य देशांतील बाजारात शिरण्यासाठी लागणारे पाठबळ येथे उपलब्ध नव्हते.

याच काळातील एका परदेशी बँडशी तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९८७ मध्ये स्थापन झालेला 'ग्रीन डे' हा पॉप-पंक बँडही छोट्या सभागृहांतून पुढे आला. १९९४ मध्ये मोठ्या कंपनीने त्याचा 'डूकी' हा संग्रह काढला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. रेडिओ केंद्रे, दौऱ्यांची व्यवस्था आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचे जाळे त्याच्या पाठीशी होते. या बळावर तो चार दशकांच्या उंबरठ्यापर्यंत टिकला आणि ८ मार्च २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरील 'लोलापलूझा' महोत्सवात त्याने भारतातील आपला पहिला कार्यक्रम केला. 'इंडस क्रीड'ला यांतील कोणतीही यंत्रणा तयार मिळाली नाही.

मधली वर्षे

विसर्जनानंतर सदस्यांचे मार्ग वेगळे झाले, तरी संगीत सुटले नाही. उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' हा समूह काढला. न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या या समूहाने भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. पुढे बेनेगल आणि तिनईकर यांनी 'व्हर्लिंग कलापाज' या नावाने विद्युत वाद्यांचा गजर टाळून साध्या गिटारवर कार्यक्रम केले.

दरम्यान देशातील चित्र पालटत होते. मुंबईच्या 'पेंटाग्राम'ने १९९६ मध्ये आपला पहिला संग्रह आणला होता. दिल्लीच्या 'परिक्रमा' आणि 'इंडियन ओशन' या बँडांनी आपापला श्रोतृवर्ग घडवला. २००७ मध्ये मुंबईत एका जुन्या गिरणीच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झाले. तेथे कलावंतांच्या स्वतःच्या रचनांना प्राधान्य होते. २०१० मध्ये पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव भरू लागला. ज्या फर्माइशींशी 'रॉक मशीन'ला झगडावे लागले होते, त्या आता मागे पडत होत्या.

पुनरागमन

२०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया या जुन्या सदस्यांना बेस गिटारवादक रुशाद मिस्त्री आणि ड्रमवादक जय राव कवी या तरुण वादकांची साथ मिळाली. पुन्हा एकत्र येणारे अनेक बँड जुन्या गाण्यांच्या आठवणींवरच कार्यक्रम करतात. 'इंडस क्रीड'ने तसे न करता नव्या रचना हाती घेतल्या.

२०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९९५ नंतर तब्बल सतरा वर्षांनी आलेल्या या संग्रहाचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. अमेरिकेतील 'पर्ल जॅम' या बँडच्या 'टेन' या विख्यात संग्रहाचे मिश्रणही त्यांनीच केले होते. 'इव्हॉल्व्ह'मधील गाणी पूर्वीपेक्षा दीर्घ, संथ आणि गुंतागुंतीच्या रचनेची आहेत. 'टॉप ऑफ द रॉक'वर नाचलेल्या पिढीला ती अनोळखी वाटण्याचा संभव होता, तरीही बँडने तीच वाट निवडली.

योगदान

प्रसिद्ध केलेल्या संग्रहांची संख्या पाहिली तर अठ्ठावीस वर्षांत केवळ चार, असा हिशेब निघतो. विक्रीच्या आकड्यांवर चित्रपटसंगीताशी या बँडची तुलना कधीच होऊ शकली नसती.

त्याचे महत्त्व अन्यत्र शोधावे लागते. १९८४ मध्ये भारतातील रॉक बँड म्हणजे दुसऱ्याची गाणी उत्तम वाजवणारा संच, अशी समजूत होती. आज पुणे, शिलाँग किंवा बंगळुरूच्या मंचावर चढणाऱ्या बँडला 'तुमची स्वतःची गाणी कोणती?' असा प्रश्न प्रथम विचारला जातो. या दोन अवस्थांमधील अंतर कापण्यात अनेकांचा वाटा आहे. त्यांत अग्रभागी असलेल्यांपैकी 'रॉक मशीन' एक होता. रस्ता तयार झाला, तेव्हा तो करणारे थकून बाजूला झाले होते. मात्र तेरा वर्षांनी ते त्याच रस्त्यावर परतले, आणि तेही स्वतःचे नवे गाणे घेऊन.