अँटेना गेला कुठे?

१९८३ साली अमेरिकेत मोटोरोलाचा हातात मावणारा पहिला फोन विक्रीला आला. तो विटेसारखा जड होता आणि त्याच्या डोक्यावर अँटेनाची लांब दांडी होती. १९९९ सालच्या नोकिया ३२१० वर मात्र दांडी दिसत नाही. मुले विचारतात, ‘अँटेना काढूनच टाकला का?’ काढलेला नाही, तो आत गेला आहे. पण आत जायला त्याला इतकी वर्षे का लागली?

साधी दांडी अँटेना म्हणून चांगले काम करते ती तिची लांबी तरंगलांबीच्या पाव असते तेव्हा. ९०० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे दांडी ८ सेंटिमीटरची. ती आखूड का करू नये? याचे उत्तर हॅरॉल्ड व्हीलर (१९४७) आणि एल. जे. चू (१९४८) यांनी मोबाइलच्या कितीतरी आधी देऊन ठेवले होते. अँटेना ज्या गोलात मावतो तो गोल तरंगलांबीच्या मानाने लहान असेल, तर त्याची त्रिज्या निम्मी केल्यावर वारंवारतेचा वापरता येणारा पट्टा साधारण एक-अष्टमांश उरतो. जीएसएम फोनला तर ८९० ते ९६० मेगाहर्ट्‌झ एवढा रुंद पट्टा हवा होता.

ही मर्यादा झाली आदर्श गोलाची. प्रत्यक्ष फोनमध्ये बॅटरी, सर्किट, प्लॅस्टिकचे कवच असते. शिवाय तो धरणारा हात आणि शेजारचे डोके. मॅक्सवेलची समीकरणे या सगळ्यांना लागू पडतात, पण एवढ्या वेड्यावाकड्या आकारांसाठी ती कागदावर सुटत नाहीत.

१९६६ साली केन यी यांनी एक युक्ती मांडली. सगळी जागा छोट्या खोक्यांत विभागायची. खोक्याच्या कडांवर विद्युतक्षेत्र, पृष्ठभागांवर चुंबकीय क्षेत्र. एकावरून दुसरे काढायचे, अर्धे पाऊल पुढे जाऊन दुसऱ्यावरून पहिले. मुलांच्या बेडूकउड्याच म्हणा ना! गणित बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे, पण अफाट. त्या काळच्या संगणकांची स्मृती त्याला पुरणारी नव्हती, म्हणून ही पद्धत बरीच वर्षे फारशी वापरली गेली नाही.

संगणक वाढले तसे फोन, हात आणि डोके अशी सगळीच मंडळी खोक्यांत बसू लागली. १९९५ साली जेन्सन आणि रहमत-सामी यांनी याच पद्धतीने हिशेब केला. फोन डोक्यापासून २ सेंटिमीटरवर असताना अँटेनाला दिलेल्या शक्तीपैकी ४८ ते ६८ टक्के शक्ती डोके आणि हातच शोषून घेतात, असे त्यांना आढळले. फोनमधल्या धातूत प्रवाह कुठे वाहतो, हेही पडद्यावर पाहता येऊ लागले. ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास आतली दुमडलेली पट्टी एकटी काम करत नाही, फोनचा धातूचा सांगाडाही तिच्याबरोबर लहरी सोडतो. म्हणजे ‘अँटेना’ त्या पट्टीपेक्षा बराच मोठा असतो!

संगणकाने व्हीलर-चूंची मर्यादा मोडली नाही. तिच्या आत राहून कोणता आकार जास्तीत जास्त देईल, ते दहा नमुने कापून-जोडून पाहण्याआधी कळू लागले. शेवटची खात्री आजही प्रत्यक्ष मोजूनच करतात.

वर्गात एक गणित घालून पाहा. १० सेंटिमीटर बाजूच्या घनात १ सेंटिमीटरची खोकी किती? अर्ध्या सेंटिमीटरची किती? आता एका पावलात लहर एका खोक्यापलीकडे जाता कामा नये, म्हणून काळाचे पाऊलही निम्मे करायला हवे. एकूण काम किती पट झाले? उत्तर सोळा पट आले की यींच्या पद्धतीला एवढी वाट का पाहावी लागली, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.