मातीची भिंत कोण लिंपतं?

हल्ली घरसजावटीच्या मासिकांतून एक नवी हौस दिसते. खोलीत सामान अगदी थोडं, भिंत मातीच्या रंगाची, खिडकीला बांबूचा पडदा आणि त्यातून झिरपणारा उजेड. या साधेपणाचा खर्च मात्र साधा नसतो. ती चित्रं पाहिली की मला वर्ध्याजवळची एक झोपडी आठवते.

१९३६ सालच्या एप्रिलअखेरीस गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथलं पहिलं घर म्हणजे आदिनिवास. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. ब्रिटिश आरमारातल्या एका अ‍ॅडमिरलची ही मुलगी, मॅडलिन स्लेड, १९२५ साली भारतात आली आणि इथलीच झाली. पुढे त्या कुटीत गांधीजी राहू लागले.

आसपास मिळेल ते सामान आणि गावातलेच कारागीर, असा बांधकामाचा नियम होता. भिंती मातीच्या, वर लाकूड, बांबू आणि कवेलू, खाली सारवलेली जमीन. मातीची जाड भिंत लवकर तापत नाही. पुढे आलेलं छप्पर ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतं. आत येतो तो निवलेला उजेड. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. बसायला चटई, लिहायला बुटकं मेज, शेजारी चरखा. शोभा म्हणाल तर मीराबेननी भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा.

१९७८ साली इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले होते. या कुटीत बसून त्यांना जाणवलं, की आपण सामान ठेवण्यासाठी बांधतो ती घरं वेगळी आणि माणसानं राहावं असं घर वेगळं.

हे सगळं मला पटतं. पण इथेच मला अम्मी आठवते.

आमचं घरही मातीचंच, कवेलूचं. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, पावसाळा सरला की भिंती लिंपायच्या. लिंपून लिंपून अम्मीच्या बोटांना भेगा पडत. एका खोलीत सिमेंटची फरशी झाली, त्या दिवशी ती दुपारभर तिथेच बसून होती, फरशीवरून हात फिरवत. पुढे चार पुस्तकं वाचून मी तिला बापूकुटीचं कौतुक सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बेटा, उनका मन था. हमारी मजबूरी थी.’’

बी.ए. झालेल्या मुलाकडे याला उत्तर नव्हतं.

पुढे सेवाग्रामला गेलो, तेव्हा बापूकुटीपासून जवळच परचुरे कुटी पाहिली. संस्कृतचे विद्वान परचुरेशास्त्री यांना महारोग झाला होता. १९३९ साली ते आश्रमात आले. ज्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या माणसासाठी गांधीजींनी आपल्या शेजारी कुटी बांधवली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केलं. त्या कुटीसमोर उभं राहिल्यावर मला वाटलं, घरातलं सामान कमी करण्याचा अर्थ इथे आहे. दुसऱ्या माणसाला जागा व्हावी, म्हणून ते कमी करायचं.

अम्मी आज नाही. तिचं म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही. आपल्यापैकी कुणाला मातीचं, उजेडाचं, मोकळं घर करायचं असेल, तर जरूर करावं. फक्त दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. मोकळी झालेली जागा कुणासाठी? आणि दरवर्षी ती भिंत लिंपणार कोण?