वेळूची काठी आणि बंदुकीचे कारागीर

नोकरीच्या निमित्ताने ज्यांना आपला मुलूख सोडून परप्रांती राहावे लागते, त्यांच्या पदरात त्या त्या ठिकाणची एखादी विद्या आपोआप पडते. कोणी दिल्लीस पतंगाच्या मांज्याची पारख शिकतो, कोणी कलकत्त्यास हिलशाचे काटे काढावयास शिकतो. जबलपूरजवळच्या खमरिया येथे आमची बदली झाली तेव्हा आमच्या वाट्यास कोणती विद्या येणार याची आम्हांस कल्पना नव्हती. ती आली ती शेजारच्या ओसरीवरून.

खमरिया म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. जबलपूरची तोफगाड्यांची निर्माणी त्याहून जुनी, १९०४ ची. दोन्हींच्या आधाराने सर्व प्रांतांतले कारागीर येथे आले आणि इथलेच झाले. २०२१ साली निर्माण्यांची सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली व खमरिया ज्या कंपनीकडे गेली तिचे मुख्यालय पुण्यास आले. आम्ही पुण्याकडून इकडे आलो आणि कागदपत्रे इकडून पुण्यास जाऊ लागली, हा योगायोग आम्हांस अजून गमतीचा वाटतो.

आमच्या शेजारी मुलाकडे राहणारे एक वृद्ध बंगाली गृहस्थ आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ लेथवर काम करून ते निवृत्त झाले. सारी वसाहत त्यांना 'दादा' म्हणते. एके रविवारी ते ओसरीवर बसून एक लांब, काळी, निमुळती नळी तर्जनीवर आडवी तोलीत होते. ती मासे धरण्याची काठी होती; इकडचे लोक तिला 'बंसी' म्हणतात, दादा 'छिप' म्हणतात. बोटावर ती आडवी स्थिर झाली की ते पेन्सिलीने खूण करीत, पुन्हा उचलीत, पुन्हा तोलीत. सोन्याचे वजन करणारा सोनारही इतका गंभीर नसेल.

आम्ही सहज विचारले, "दादा, यात इतके तोलायचे काय?" त्यांनी उत्तर न देता दोन काठ्या आमच्या हाती दिल्या. लांबी सारखी, तराजूत वजनही जवळजवळ सारखे. तरी एक हातात घेताच टोकाकडे ओढू लागली आणि दुसरी जणू हाताचेच लांबलेले बोट. तेव्हा आमच्या ध्यानी आले की तराजूतले वजन निराळे आणि हातातले निराळे.

यामागचे गणित शाळेतल्या तरफेचे आहे. हातापासून २०० सेंटिमीटर दूर, शेंड्याशी, दोरा ओवण्याचे १ ग्रॅमचे कडे बसविले, तर त्याचा मनगटावरचा ताण फेडण्यास हाताच्या मागे १० सेंटिमीटरवर २० ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणून पुष्कळ जण मुठीच्या बुडाशी शिसे भरून मोकळे होतात. काठी बोटावर आडवी राहते आणि गिऱ्हाईक खूश होते. दादांना हा उपाय मान्य नाही. स्थिर धरलेल्या काठीस शिशाने तोल येतो. पण काठी झटक्याने फिरवावयाची झाली की शेंड्याचा भार आपला हिशेब पुन्हा मांडतो, कारण फिरत्या वस्तूचा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. शेंड्याकडचा तो एक ग्रॅम बुडाकडच्या वीस ग्रॅमांच्या वीसपट आडमुठा असतो. शिशाने तो कमी होत नाही, उलट त्यात थोडी भरच पडते. म्हणून खरा कारागीर बुडाशी वजन घालण्याआधी शेंड्याचे वजन काढतो: कडी बारीक घेतो, रेशमाचे वेढे मोजके देतो, रोगणाचा थर पातळ ठेवतो. एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्याच्या शिलकीने झाकली म्हणजे हिशेब जुळला असे होत नाही, हे आम्हां कारकुनांस तरी सांगावयास नको.

ही विद्या कोठून आली, हे शोधू लागलो तेव्हा आमची पहिली गाठ पडली ती आपल्याच एका राजाशी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद ज्यात आहे, तोच हा ग्रंथ. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्याचा हवाला त्यासाठी देतात. पण त्याच ग्रंथाच्या विनोदप्रकरणांत 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. माशांच्या जाती, कोणत्या माशास कोणते खाद्य रुचते, पाण्यात आधी चारा टाकून मासे जागेवर कसे आणावेत, गळ, दोरी व काठी कशी असावी, याचा त्यात पद्धतशीर विचार आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ १९२५ पासून खंडशः संपादिला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून विद्वानांचे लक्ष वेधले. आठ शतकांपूर्वी राजाने करमणूक म्हणून जी विद्या लिहिली, ती त्याने खचित कोणा भोयाच्या अथवा कोळ्याच्या हातातूनच उचलली असणार. त्या कोळ्याचे नाव ग्रंथात नाही.

राजाच्या ग्रंथानंतर आम्ही वेळूच्या मागे लागलो. जबलपूर-मंडल्याच्या डोंगरांत आणि आपल्या विदर्भातही जो जवळजवळ भरीव वेळू वाढतो, त्यास आपण मानवेल म्हणतो. वेळूचे बळ त्याच्या सालीलगत असते. तंतू तेथे दाट व आत विरळ असतात. भार आला की तो वाकतो आणि भार जाताच सरळ होतो. मराठी स्वाराचा भाला वेळूचाच असे, आणि पुढे ब्रिटिश घोडदळाच्या भाल्यांसही हिंदुस्थानातील हाच भरीव वेळू पसंत पडला. जी दांडी शत्रूवर रोखावयाची, तीच नदीकाठी माशाकडे रोखली तर काठी झाली. पुढे हाच हिंदुस्थानी वेळू कलकत्त्याच्या बंदरातून इंग्लंड-अमेरिकेस जाऊ लागला आणि तिकडे त्यास 'कलकत्ता केन' हे नाव पडले. वेळू वाढला अरण्यात आणि त्यास नाव मिळाले ते बंदराचे! ज्याच्या हातची कुऱ्हाड पडली तो तोड्या, ज्याने पाठीवर वाहिला तो हमाल, ज्या रानात तो वाढला ते रान, यांतले काहीच त्या नावात उरले नाही. परगावी राहणाऱ्यांस याचे नवल वाटू नये. आम्हांसही इकडे कोणी गावाच्या नावाने ओळखीत नाही; कोणत्या कचेरीतून आला एवढेच विचारतात.

त्या कलकत्ता केनचे अमेरिकेत सोने झाले. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका घडविणारा कारागीर होता. तो सारंगीसारखी व्हायोलिनेही करी. १८४० च्या दशकात त्याने वेळू उभा चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या तासून व साल बाहेर ठेवून त्या एकमेकींस चिकटविल्या, आणि नैसर्गिक वेळूहून एकसारखी अशी काठी केली. सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी रूढ झाली तिचे पुष्कळसे श्रेय त्यास देतात. पुढे १८७० च्या दशकात मेन प्रांतातील हायरम लेनर्ड याने पट्ट्या तासण्याचे यंत्र करून या धंद्यास कारखान्याचे रूप दिले. लेनर्डही मूळचा बंदुकांचाच कारागीर. ते यंत्र बंद खोलीत ठेवीत आणि परक्यास पाहू देत नसत. दोरा गुंडाळण्याची वेगवान चक्री केंटकीत जॉर्ज स्नायडर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केली. तो घड्याळजी होता. सुतापेक्षा कमी चूक सहन न करणारे हात युद्धातून अथवा घड्याळातून सुटले म्हणजे नदीकाठी येतात, असाच हा इतिहास दिसतो. दादांचा लेथ त्याच घराण्यातला आहे, हे आमच्या तेव्हा प्रथम ध्यानात आले.

केंटकीची ती चक्री ज्या माशासाठी झाली तो 'बास'. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत व नद्यांत राहणारा हा शिकारी मासा पाणवनस्पतींच्या व बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशास दबा धरतो. त्याच्यासाठी दूर फेकण्यापेक्षा नेमके फेकणे महत्त्वाचे. जेम्स हेन्शॉल या वैद्याने १८८१ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्या काळच्या लांब, जड काठ्यांऐवजी सुमारे सव्वाआठ फुटांची हलकी काठी पुरस्कारिली. १९६७ साली रे स्कॉट याने आर्कान्सातील एका जलाशयावर बासच्या स्पर्धा भरविल्या, तेव्हापासून हा खेळ व्यवसाय होऊन बसला. दिवसभर सारखे आमिष फेकणाऱ्या माणसाच्या मनगटास तोलातला एक तोळाही जाणवतो. म्हणून आपल्या हाताच्या मापाने, कपडे शिवावे तशी, काठी करून घेण्याची चाल तेथे वाढली.

मधल्या काळात आपला वेळू मात्र बाजारातून गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या दक्षिणेकडील 'टॉन्किन' वेळूने त्यास मागे टाकले. तो अधिक सरळ आणि त्याची पेरे लांब. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा टॉन्किनही दुर्मिळ झाला आणि काचतंतूच्या काठ्यांचे फावले. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानविषयक सरकारी संस्थेत बळकट कर्बतंतू तयार झाला, आणि दहा वर्षांत विमानांसाठी शोधलेला तो तंतू गळाच्या काठीत आला. पुन्हा तीच वाट: शस्त्रागारातून नदीकाठी.

दादांची काळी नळी या कर्बतंतूचीच. ती ते तयार विकत आणतात. पण नळी म्हणजे काठी नव्हे. नळीचे बूड जमिनीवर टेकवून, शेंडा तळहातात धरून, मध्ये दाब देऊन फिरविली की ती एका बाजूस उसळून स्थिर होते. तो तिचा कणा. तो ओळखून कडी कोणत्या बाजूस बसवावयाची हे ठरवितात. मग काठी वाकवून, दोरा तिच्या वळणास धरून जाईल अशा अंतरावर कडी तात्पुरती बांधतात. शेंड्याकडे अंतर कमी, हाताकडे जास्त. मूठ व चक्रीची जागा सर्वांत शेवटी, ज्याची काठी त्याचा हात पाहून. वेळूच्या काठीसही ते हेच करीत. द्रव्य बदलले, हाताची रीत बदलली नाही.

येथवर लिहून आम्हांस एक खंत वाटली. नावे टिकतात कोणाची? पुण्याजवळ मुळा-मुठेच्या पाण्यातील महाशीर कर्नल साइक्स याने १८३९ साली शास्त्रात नोंदविला, तेव्हा त्याने स्थानिक नावच त्यास दिले. म्हणून 'खुद्री' हा शब्द जगभर शास्त्रज्ञांच्या तोंडी राहिला. एका सरकारी नोकराने कोळ्यास विचारून ते लिहून घेतले, एवढेच त्याचे कारण. तसेच मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर जो ग्रंथ लिहिला, तो दीडशे वर्षे वाचला जातो. दोघेही आमच्यासारखेच बदलीच्या नोकरीतले. फरक इतकाच, की कचेरीबाहेर जे पाहिले तेही त्यांनी टिपून ठेवले.

नर्मदेचा महाशीर इकडे 'बाडस' म्हणून प्रसिद्ध. २०११ साली मध्य प्रदेशाने महाशीरास राज्याचा मासा ठरविले. पण ज्या वाहत्या, खडकाळ पाण्यावर तो जगतो ते पाणी कमी झाले आहे. १९९० साली बरगीचे धरण पुरे झाले आणि जबलपूरच्या वरच्या अंगास नदीचा जलाशय झाला. दादा आता परियट नदीकडेही फिरकत नाहीत; तेथे मगरी आहेत आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीस बंदी असते, त्या दिवसांत ते काठ्या करीत. यंदाची काठी शेवटची, असे ते म्हणाले.

आम्ही म्हटले, "दादा, तिकडे कारागीर मुठीच्या वर आपले नाव लिहितात. आपणही लिहा." ते हसले. म्हणाले, "बाबू, दारूगोळ्यावर कोणी आपले नाव घालतो काय? आमच्या मालावर लॉटचा आकडा असे."

त्यांचा मान राखून आम्हीही येथे त्यांचे नाव देत नाही. पण दिवसभर दुसऱ्यांचे आकडे उतरविणारा आमचा हात एवढे तरी करू शकतो, म्हणून त्या शेवटच्या काठीचे माप आम्ही समोर बसून घेतले, ते असे: लांबी ७ फूट, कडी शेंड्याच्या कड्यासह ९, बुडाशी शिसे नाही, तोल चक्रीच्या पुढे दोन बोटांवर.